मामाच्या गाडीची पुढची चाकं

ही गोष्ट लिहायची मी टाळत आलो. आधीची प्रकरणं लिहिताना दोनदा हिच्या जवळ आलो आणि दोन्ही वेळा वळसा घालून पुढे गेलो. गॅरेजबद्दल लिहिलं, रघुमिस्त्रींच्या हाताबद्दल लिहिलं, माझी पहिली बस रस्त्यावर कशी आली तेही लिहिलं. त्या बसची पुढची चाकं कुठून आली, तेवढं लिहिलं नाही. वाचणाऱ्याला वाटलं असेल, घेतली असतील कुठून तरी. घेतलीच होती. ज्यांची घेतली ती दोन्ही माणसं आता नाहीत, त्यामुळे आता हे सांगण्यात काही धाडस उरलेलं नाही, हेही मला कळतं.

आमचं घर जळोचीत, कालव्याच्या खालच्या अंगाला. आता तिथे इमारती झाल्या आहेत आणि सकाळी एमआयडीसीकडे जाणाऱ्या मोटरसायकली माझ्या खिडकीखालून एकामागे एक जातात. तेव्हा घराला तिन्ही बाजूंनी ऊस होता. आमच्याकडे पाणी पाळीनं यायचं. पाटकरी दोन दिवस आधी सायकलवरून येऊन वार सांगून जायचा, मग वडील फावडं धुऊन दाराशी उभं करून ठेवायचे, आणि सांगितलेल्या वारी पाणी बरोबर यायचं. पाण्याबद्दल मी लहानपणी शिकलो ते एवढंच, की ते सांगून येतं. आईचं माहेर पळसदेवचं. तिच्याकडे पाण्याची गोष्ट वेगळी होती. उजनीचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव, देऊळ आणि आईचं घर त्याच्या पोटात गेलं. ती त्याबद्दल फारसं बोलत नसे. पाटकरी वार सांगून गेला की मात्र म्हणायची, तुमच्याकडचं पाणी फार शिकलेलं हाय.

तिचा एकुलता भाऊ, माझा मामा, लाल गाडीवर ड्रायव्हर होता. इंदापूर–बारामती हा त्याचा रस्ता. महिन्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे यायचा आणि त्याच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली मरळ असायची. वडलांना माशाचा वास चालत नसे. त्यासाठी आईनं परसात तीन दगडांची वेगळी चूल आणि वेगळं काळं पातेलं ठेवलं होतं. मामा, मी आणि आई तिथेच उकिडवे बसून कालवणात भाकरी कुस्करून खायचो, आणि घरात एकटे पिठलं खात बसलेले वडील मुद्दाम मोठ्यानं खाकरायचे. मामा हळूच म्हणायचा, "दाजींनी हॉर्न दिला, आवरा." आई तोंडाला पदर लावून हसायची. ती मनापासून हसताना मी पाहिली ती मामा आला म्हणजेच.

मामा मला भाचेराव म्हणायचा. आमच्याकडे भाच्याला मान असतो, मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत अजून काही घरांत आहे. मामा ती रीत थट्टेत पाळायचा, वाकून माझ्या पायांना हात लावायचा आणि उठताना पोटरीला चिमटा काढायचा. पण थट्टेखाली ती खरीच होती. भाच्यानं मागितलं तर मामानं नाही म्हणायचं नाही, आणि भाच्याला दिलेलं परत मागायचं नाही. लहानपणी मी त्याच्याकडून अशा कितीतरी वस्तू उपटल्या: बॅटरी, चामडी पाकीट, खाकी टोपी. त्यातली एकही त्यानं परत मागितली नाही.

शाळा सुटल्यावर मी बारामतीत रघुमिस्त्रींच्या गॅरेजात लागलो. जुन्या बसगाड्यांची बॉडी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सरकारी ताफ्यातून निघालेल्या गाड्या लिलावात भंगारवाले घ्यायचे आणि त्यांच्याकडून हव्या त्या स्थितीत पुढे जायच्या. काहींची पत्र्यापत्र्यानं खांडोळी व्हायची. काही आमच्याकडे यायच्या. आम्ही लाल रंग खरवडून त्यांच्यावर शाळेचं, वऱ्हाडाचं नाहीतर कामगारांच्या वाहतुकीचं नाव लिहायचो. एक गाडी भिगवणच्या रस्त्याला भज्यांचं हॉटेल झाली. एकीत कोंबड्या राहत, आणि खिडक्यांना जाळी मारायला मीच गेलो होतो. इंदापूरकडच्या एका द्राक्षबागेत एक गाडी चाकांविना उभी होती, तिच्यात बागेचा राखणदार पोराबाळांसह राहायचा आणि रात्री झोपताना आतून कंडक्टरची पाटी लावून घ्यायचा: गाडी थांबणार नाही. वरून रंगाचे कितीही हात दिले, तरी दगड घासला की त्या ओरखड्यातून आतला लाल दिसायचाच.

मामा निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत त्याची शेवटची गाडीही ताफ्यातून निघाली. तिचं इंजिन, गिअरबॉक्स भंगारवाल्यानं काढून घेतलं होतं. बाकीची गाडी मामानं विकत घेतली. वडील म्हणाले, माणूस म्हातारपणी म्हैस घेतो, हा मेलेली बस घेतोय. पण मामाचा विचार पक्का होता. पुनर्वसनात मिळालेली जागा मुरमाड माळावर, तिथे त्याचं मन लागलं नव्हतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आधी देवळाचं शिखर मोकळं व्हायचं, मग खांब, मग हळूहळू जुन्या गावाच्या गल्ल्या. शेवटी मामाच्या घराचं जोतं उघडं पडायचं. भिंती गेल्या होत्या, जोत्याचे घडीव दगड आणि उंबऱ्याची जागा शिल्लक होती. गाळ वाळला की गावातल्या बबनचा ट्रॅक्टर साखळी लावून ती बस ओढत खाली न्यायचा आणि मामा ती आपल्या जुन्या दाराशी लावायचा. मग अडीच-तीन महिने मामा-मामी तिथे राहायचे, गाळात कलिंगडं आणि काकड्या लावायचे. पाणी परत चढू लागलं की ट्रॅक्टर गाडीला वर माळावर आणायचा. बाकीचं वर्षही ते त्याच गाडीत काढायचे. दुसरं घर त्यांनी बांधलंच नाही.

त्या गाडीइतकं नेटकं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. मामीनं निम्मी बाकडी काढून मागे चूल मांडली होती, डब्यांची उतरंड शेवटच्या खिडकीला. सामानाच्या रॅकवर गोधड्या. समोरच्या काचेवर 'पळसदेव' अशी पाटी आतून टांगलेली, देवाच्या तसबिरीसारखी, तिला मामी रोज फुलही वाहायची. घंटीची दोरी मामानं तशीच ठेवली होती. स्वयंपाक झाला की मामी मागून एकदा घंटी ओढायची, म्हणजे गाडी थांबवा, जेवायला या. शेतात असलेला मामा ती ऐकून हातातलं टाकून यायचा. पण सगळ्यात गंमत गाडी हलवायच्या दिवशी. इंजिन नसलेल्या गाडीत मामा ड्रायव्हरच्या जागेवर ताठ बसायचा, खाकी शर्ट घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ट्रॅक्टरची साखळी ताणली जायची. तरी मामा हात वर करून बबनला थांबवायचा, कारण मागून मामीनं अजून दोन घंट्या दिलेल्या नसायच्या. टण टण झालं की मगच म्हणायचा, चला. बबन म्हणायचा, "तात्या, इंजिन माझं, डिझेल माझं आन हुकूम मामीचा." गाव मामाला तात्या म्हणायचं.

मला स्वतःची गाडी करायची होती. रघुमिस्त्रींनी उमेद दिली, गॅरेजात पडलेली एक गाडी माझ्या नावावर केली, आणि मी तिच्यावर सात महिने राबलो. इंजिन जमलं, पत्रा जमला, निळा रंग झाला. पण तिचा पुढचा एक्सल अपघातात वाकलेला होता आणि तसल्या एक्सलवर पासिंग मिळणार नव्हतं. एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे कामगार ने-आण करायचं काम मला मिळायचं होतं, तेही पासिंग असेल तरच. तसाच एक्सल, तशीच चाकं असलेली गाडी मला एकच माहीत होती, आणि ती वर्षातून दोनदा, ट्रॅक्टरमागे, बैलगाडीच्या वेगानं चालायची.

मी वैशाखात पळसदेवला गेलो. मामी लेकीच्या बाळंतपणाला इंदापूरला गेली होती, मामा एकटा होता. त्यानं काकडी चिरून मीठ लावून पुढे ठेवली. मी गाडीखाली शिरलो, उगाच इकडेतिकडे ठोकलं आणि बाहेर येऊन सांगितलं, बेअरिंग गेलंय मामा, एक्सलला तडा दिसतोय, बारामतीला नेऊन करून आणतो. मामा वाकला. त्यानं हबवर तळहात ठेवला आणि चाक थोडं फिरवून पाहिलं. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस होता तो. चाक लोण्यासारखं फिरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ने."

एवढंच. मग विचारलं, "कवा आणशील?"

मी म्हणालो, मृगाच्या आत.

गाडी उचलून टेकवायला ठोकळे कमी पडले. मी जोत्याचे चार घडीव दगड पहारीनं उकरून काढले आणि पुढच्या अंगाखाली रचले. माझ्या आजोबांनी बसवलेले दगड होते ते. मामा बाजूला उभा राहून पाहत होता. शेवटचा दगड जड होता, तो त्यानंच मला हात देऊन लावला.

माझी गाडी पास झाली. आईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मृग आला, गेला. मी मनाशी म्हणत होतो, पहिला महिना निघू दे, मग दुसरा एक्सल बघू. आजही मला जे सोसत नाही ते असं: माझ्या गाडीचा जुना वाकडा एक्सल सबंध वेळ गॅरेजच्या भिंतीला टेकून पडला होता. रस्त्यावर तो चालला नसता, पण ट्रॅक्टरमागे ओढण्यापुरता खुशाल चालला असता. टेम्पोत टाकून नेऊन बसवायला एक दिवस लागला असता. मी रोज त्याच्या अंगावर शर्ट टांगून कामाला लागायचो.

निरोप आला तो दुधाच्या टँकरवाल्याकडून. गॅरेजसमोर गाडी थांबवून तो खिडकीतूनच म्हणाला, "तुमच्या मामानं सांगितलंय, वरची धरणं भरल्यात, पानी निघालंय. एक्सल घेऊन या." मी वर पाहिलं. बारामतीवर कोरडं ऊन होतं. आठ दिवसांत शिंतोडा पडला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याची माझी पहिली फेरी होती, पहिल्याच दिवशी गाडी गेली नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. मी टँकरवाल्याला सांगितलं, परवा येतो म्हणावं. मला खरंच वाटलं होतं की पाणी निघालंय म्हणजे निघालंय, येईल त्याच्या दिवशी. कालव्याकाठच्या माणसाची अक्कल. त्या दुसऱ्या दिवशी मी मामाच्या चाकांवर चाळीस माणसं घेऊन गेलो आणि आलो, आणि स्टिअरिंग किती हलकं चालतंय याचं मला कौतुक वाटलं, हे मला आठवतं.

तिसऱ्या दिवशी वाकडा एक्सल टेम्पोत टाकून मी पळसदेवला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. आकाश निळं, वारा नाही, पाऊस नाही. पाणी आवाज न करता येत होतं. वाळल्या काटक्या, फेस आणि कलिंगडाचे वेल पुढे ढकलत ते देवळाच्या पायऱ्यांवरून गल्लीत शिरलं होतं आणि गाडीच्या मागच्या चाकांना लागून पुढे सरकत होतं. मी जॅक लावला. जॅक गाळात शिरला. फळी घातली, फळीही शिरली. रचलेले दगड तसेच्या तसे गाळात रुतले होते आणि गाडी नाक गाळात खुपसून बसली होती. एक्सल बसवायला खाली जागाच उरली नव्हती. बबन म्हणाला, ओढून बघू, घसरत आली तर आली.

मामी आदल्या आठवड्यात परत आली होती. डबे, गोधड्या वर गेल्या होत्या, ती मात्र उतरली नव्हती. मामा खाकी शर्ट घालून स्टिअरिंगवर बसला, पुढे चाकं नसताना. साखळी ताणली. बबननं मागे वळून पाहिलं. मागून दोन घंट्या झाल्या, टण टण, नेहमीसारख्या. ट्रॅक्टरनं स्वतःचीच पुढची चाकं उचलली, गाडीतून कण्हल्यासारखा आवाज आला, आणि साखळी तुटली. नवी बांधली. मामीनं पुन्हा दोन घंट्या दिल्या. तिसऱ्या वेळी समोरचा हुकच पत्र्यासकट निघून आला. चौथ्या वेळी घंटी झाली नाही. मी पाहिलं तर मामी पाटीवरचं फूल काढून घेत होती.

वर काठावर माणसं जमली होती. बबननं विचारलं, "तात्या, एक्सल कुठं हाय तुमचा?"

मामी म्हणाली, "दुरुस्तीला दिलाय की."

मी तोंड उघडलं होतं, असं मला वाटतं. इतकी वर्षं मी स्वतःला तसं सांगत आलो आहे. मामा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दुरुस्तीला न्हाय. इकला म्या. भंगारात."

मामी त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "आन मला दुरुस्तीला म्हणला व्हय तुमी." आवाज चढवला नाही. माणसांत कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं पिण्यापायी इकला असंल, आणि कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, वाकडा का व्हईना, पोरगं एक्सल घेऊन पळत आलं बघा.

संध्याकाळपर्यंत पाणी खिडक्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी टप तेवढा दिसत होता. मामा आणि मी बांधावर बसलो होतो. मी म्हणालो, मामा, मी सांगतो सगळ्यांना. तो म्हणाला, "तुझ्या आईला कळंल. तिला म्हायेर म्हणून मीच उरलोय, ते बी नासवू नगंस." मग म्हणाला, "भाच्याला दिल्यालं मागत न्हाईत. म्या निरोप धाडला तितंच चुकलं." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते तेच.

मामा-मामी इंदापूरला लेकीकडे राहायला गेले. मामा त्यानंतर सहा वर्षं जगला. मामीनं त्याला उपाशी ठेवलं नाही, आजारात उशापायथ्याला बसली, पण त्याच्याशी बोलणं तिनं बंद केलं. ताट ठेवायची आणि भिंतीकडे बघून म्हणायची, वाढलंय. बुडण्याआधी गाडीतून काढून आणलेली घंटी मामानं लेकीच्या पडवीत टांगली होती. मी जायचो तेव्हा ती तिथे असायची आणि तिच्या दोरीला कोणी हात लावलेला नसायचा. आमच्याकडे तो परत आला नाही. आई परसातल्या चुलीचे दगड कितीतरी वर्षं हलवू देत नव्हती. माझी गाडी चालली, मग दुसरी झाली, तिसरी झाली. मामाच्या तेराव्यालाही मी सगळ्यांसमोर काही बोललो नाही. वाटलं, आई आहे तोवर नको. आई गेली. मग वाटलं, आता एवढ्या वर्षांनी कशाला.

दोन उन्हाळ्यांपूर्वी पाणी फार खाली गेलं. देवळाचे फोटो काढायला लोकांच्या गाड्या येत होत्या, नातू मला घेऊन गेला. देवळाच्या पलीकडे गाळातून गंजलेला सांगाडा वर आला होता, टप नाही, खिडक्यांपर्यंत आत गाळ भरलेला. पोरं त्याच्यावर चढून फोटो काढत होती. मी पुढून वाकून पाहिलं. चारही दगड तिथेच होते, मी रचले तसे, एकावर एक. एवढ्या वर्षांच्या पाण्यानं ते हलले नव्हते. शेवटचा, जड दगड सगळ्यात वर होता.

त्याच आठवड्यात मी इंदापूरला गेलो. मामी ऐंशीच्या पुढे गेलेली, पण कान आणि डोकं शाबूत. तिनं माझ्यासाठी मासे करायला लावले. मी ताटावर बसलो तेव्हा ती समोर बसून म्हणाली, त्या दिवशी आपलं म्हणून तू एकटाच पळत आलास. मी म्हणालो, "मामी, त्या एक्सलचं तुमाला एक सांगायचं हाय."

तिनं हात वर केला. "ऱ्हाऊ दे शिवा. गेल्याल्या माणसाचं उणं काढू नगंस. म्या लई वर्सं काढलं, आता नगं."

मी खाली पाहिलं आणि जेवलो. तिनं दुसऱ्यांदा कालवण वाढायला लावलं, तेही खाल्लं. त्या हिवाळ्यात ती गेली. मी वेळेवर पोचलो, खांदाही दिला.

मामी, मामानं एक्सल विकला नव्हता. तो चांगला होता, त्याला तडा नव्हता. मी खोटं बोलून नेला, निरोप आल्यावरही आणला नाही, आणि मामानं तुम्हाला सांगितलं ते माझ्यासाठी सांगितलं. तुम्ही त्यांच्याशी बोलायला हवं होतं. मला माफ करा.